गोषवारा, तिकीट आणि शेजारची खुर्ची
सोसायटी फॉर बायोमटेरियल्सची पन्नास वर्षे

१९६७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या सॅगामोर इथे अमेरिकी लष्कराने पदार्थशास्त्राची एक परिषद भरवली होती. तिकडे निघालेल्या बसमध्ये फ्लोरिडा विद्यापीठातले लॅरी हेंच नावाचे तरुण प्राध्यापक बसले होते. काच हा त्यांचा विषय. शेजारी होते कर्नल क्लिंकर, व्हिएतनाममधून नुकतेच परतलेले. तिथल्या आघाडीवरच्या रुग्णालयांना वैद्यकीय सामान पुरवण्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती. बोलता बोलता हेंच आपल्या कामाबद्दल सांगू लागले. किरणोत्सर्गाचा मारा झाला तरी टिकून राहील अशी काच ते तयार करत होते. कर्नलनी ऐकून घेतले आणि विचारले, किरणांना पुरून उरणारा पदार्थ करता, तर माणसाच्या शरीरात टिकेल असा पदार्थ का करत नाही? आमच्याकडे जवानांचे हातपाय कापावे लागतात. धातू घातला, प्लास्टिक घातले, तरी शरीर ते स्वीकारत नाही.

हेंच परतले ते हा प्रश्न घेऊनच. शरीर परक्या वस्तूभोवती व्रणाची भिंत का उभी करते? हाड तर कॅल्शियम आणि फॉस्फेटचे बनलेले असते. मग ज्या काचेच्या पृष्ठभागावर शरीरातच तसला थर जमेल, ती काच हाडाला परकी वाटेल का? १९६८ मध्ये लष्कराच्या वैद्यकीय संशोधन विभागाने त्यांना पैसे दिले. ४५ भाग सिलिका, सोडा आणि चुना प्रत्येकी साडेचोवीस, फॉस्फरस पेंटॉक्साइड ६, अशी काच वितळवून तिचे बारीक तुकडे उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवले. सहा आठवड्यांनी अस्थिशल्यचिकित्सक टेड ग्रीनली ते काढायला गेले, तर तुकडे निघेनात. ढकलले, ठोकले, तरी हलेनात. हाडाने काचेला धरून ठेवले होते. हीच पुढे ‘बायोग्लास’ म्हणून जगभर ओळखली गेली.

शरीरात बसवायच्या पदार्थांचा, म्हणजे बायोमटेरियल्सचा, अभ्यास करणाऱ्यांची संस्था म्हणजे सोसायटी फॉर बायोमटेरियल्स. तिचा इतिहास लिहायला घेतला की मला आधी ही बस आठवते. काचेचा माणूस आणि आघाडीवरच्या रुग्णालयांचा माणूस एका आसनावर आले, एवढेच तर तिथे घडले होते. पण ते घडण्यासाठी दोघांच्याही प्रवासाचा खर्च कोणीतरी केलेला होता. संस्थेच्या कार्यपुस्तिकेत पुरस्कारांची पाने पुढे असतात आणि प्रवास अनुदानांचे पान मागे. इतिहास सांगताना मला तो क्रम उलटा करावासा वाटतो.

संस्थेचे मूळ गाव क्लेम्सन. दक्षिण कॅरोलायना राज्याच्या डोंगराळ भागातले हे छोटे विद्यापीठगाव. सॅम हल्बर्ट हे सिरॅमिक्सचे अभियंते तिथे शिकवत होते. हाडाच्या जागी सच्छिद्र सिरॅमिक बसवले तर हाड त्याच्या छिद्रांत वाढेल का, हा त्यांचा ध्यास होता. १९६९ मध्ये क्लेम्सनला या विषयावर परिसंवाद भरला आणि मग दरवर्षी भरत राहिला. तोवर शल्यचिकित्सक आपापल्या हिकमतीवरच काम भागवत होते. विलेम कोल्फ यांनी दुसऱ्या महायुद्धात हॉलंडमध्ये कृत्रिम मूत्रपिंड जुळवले ते सॉसेजच्या वेष्टनाचे सेलोफेन वापरून. ह्यूस्टनचे मायकेल डिबेकी रक्तवाहिनीची कृत्रिम नळी करण्यासाठी कापड दुकानात नायलॉन आणायला गेले. नायलॉन संपले होते, म्हणून डेक्रॉन घेऊन आले आणि बायकोच्या शिलाई यंत्रावर नळ्या शिवल्या. अशा कथा सांगायला छान असतात. पण ज्या रुग्णाच्या अंगात ती वस्तू राहणार, त्याच्या बाजूने पाहिले तर प्रत्येक वेळी दुकानात योग्य कापड मिळेल याची खात्री कोण देणार? वस्तू गंजली का, झिजली का, तिच्यावर रक्त गोठले का, हे मोजून, लिहून एकमेकांना सांगण्याची जागा हवी होती. ती क्लेम्सनने दिली.

या परिसंवादांतून १९७४ मध्ये सोसायटी फॉर बायोमटेरियल्स उभी राहिली. पहिले अध्यक्ष झाले डॉ. सी. विल्यम हॉल. हेही ह्यूस्टनच्या परंपरेतले. हृदयाला हातभार लावणाऱ्या पंपाच्या १९६०च्या दशकातल्या प्रयोगांत ते डिबेकींच्या गटात होते, पुढे सॅन अँटोनियोच्या साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये गेले. शल्यचिकित्सक अध्यक्ष आणि अभियंत्यांचे माहेरघर, अशी ही जोडी सुरुवातीपासून जमली. ‘जर्नल ऑफ बायोमेडिकल मटेरियल्स रिसर्च’ हे नियतकालिक १९६७ पासूनच निघत होते. ते संस्थेचे मुखपत्र झाले. हेंच यांचा बायोग्लासवरचा पहिला मोठा निबंध १९७१ मध्ये त्यातच आला होता.

पुरस्कारांची नावे पाहिली तर संस्थेचा स्वभाव कळतो. मूलभूत संशोधन, उपयोजित संशोधन आणि ग्रंथसंपदेतली भर यांसाठीचे तीन पुरस्कार ‘क्लेम्सन पुरस्कार’ म्हणून ओळखले जातात. त्यांना नाव मिळाले ते गावाचे, कुणा उद्योगपतीचे नव्हे. आयुष्यभराच्या पायाभूत कामासाठी ‘फाउंडर्स अवॉर्ड’ आहे, तरुण संशोधकांसाठी वेगळा सन्मान आहे. मला सर्वांत जवळचा वाटतो तो सी. विल्यम हॉल यांच्या नावाचा. तो एखाद्या शोधासाठी दिला जात नाही. संस्था उभी करणे, चालवणे, तिचे हेतू पुढे नेणे यासाठी खपलेल्या माणसाला तो मिळतो. समित्यांवर बसणारे, रात्री जागून शेकडो गोषवारे तपासणारे, सभागृहांची भाडी ठरवणारे लोक कुठल्याही संस्थेत असतातच, पण त्यांच्या नावाने पदक काढणाऱ्या संस्था थोड्या.

आता मागचे पान. वार्षिक अधिवेशन वसंतात भरते, पण त्याची खरी सुरुवात काही महिने आधी होते, गोषवारा पाठवण्याच्या शेवटच्या तारखेला. विद्यार्थ्याला दोन-तीन वर्षांचे काम मोजक्या जागेत बसवावे लागते: कशासाठी केले, काय वापरले, काय आढळले, त्याचा अर्थ काय. एक आकृती, फार तर दोन. परीक्षक ते वाचून गुण देतात. चांगल्या ठरलेल्या विद्यार्थ्यांसाठी संस्थेचे ‘स्टार’ पुरस्कार आहेत. नावात तारा असला तरी ती इंग्रजी आद्याक्षरांची जुळणी आहे आणि त्यातला दुसरा शब्द आहे प्रवास. विद्यार्थ्याचे कौतुक आणि त्याचा प्रवास ही एकाच नावात बांधलेली गोष्ट आहे, हे मला फार मोलाचे वाटते. प्रमाणपत्र टपालानेही धाडता येते. पण ज्याचा गोषवारा चांगला आहे तो माणूस अधिवेशनाच्या दालनात, आपले काम मांडणाऱ्या फलकाशेजारी उभा असला पाहिजे, हे संस्थेने ओळखले.

‘केटो लॉरेन्सिन ट्रॅव्हल फेलोशिप’बद्दल जरा थांबून सांगायला हवे. डॉ. केटो लॉरेन्सिन हे फिलाडेल्फियाचे कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ, अस्थिशल्यचिकित्सक आणि रासायनिक अभियंता एकाच वेळी. हार्वर्डची वैद्यकीय पदवी आणि एमआयटीची डॉक्टरेट त्यांच्याकडे आहे, आणि ऊती अभियांत्रिकीत हाडे व अस्थिबंध पुन्हा वाढवण्याचे त्यांचे काम जगाला माहीत आहे. अमेरिकेत या विद्याशाखेत ज्या समाजांतली मुले फारशी दिसत नाहीत, त्यांतल्या पदवीच्या विद्यार्थ्यांना अधिवेशनाला येता यावे म्हणून ही फेलोशिप आहे. संशोधनाची वाट धरावी की नाही हे ठरण्याच्या वयातच ती हातात पडते.

या फेलोशिपला क्लेम्सनचा संदर्भ लावून पाहिला की तिचे वजन कळते. ज्या विद्यापीठाच्या आवारात या संस्थेची बीजे पडली, तिथे पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश मिळाला तो जानेवारी १९६३ मध्ये, तोही न्यायालयाच्या आदेशाने. हार्वे गँट हे त्यांचे नाव. वास्तुशास्त्र शिकून ते पुढे शार्लट शहराचे महापौर झाले. पहिल्या परिसंवादाच्या अवघी सहा वर्षे आधीची ही गोष्ट. दालनात कोण येऊ शकते हा प्रश्न तिथे फक्त तिकिटाच्या पैशांचा नव्हता. लॉरेन्सिन यांच्या नावाने दिले जाणारे प्रवासाचे पैसे म्हणजे त्या इतिहासातली एक पावतीच आहे, असे मी मानते.

दरम्यान विषय पसरला. युरोपात स्वतंत्र संस्था झाली. तिचा एक मानाचा पुरस्कार जॉर्ज विंटर यांच्या नावाचा आहे. जखम कोरडी ठेवून खपली धरू देण्यापेक्षा पातळ आवरणाखाली ओलसर ठेवली तर ती लवकर भरते, हे त्यांनी १९६२ मध्ये डुकरांवरच्या प्रयोगांतून दाखवले. आज दवाखान्यात जखमेवर पारदर्शक पट्टी लावतात तिच्या मुळाशी हे काम आहे. १९८० मध्ये व्हिएन्नाला पहिली जागतिक परिषद भरली आणि मग दर चार वर्षांनी वॉशिंग्टन, क्योटो, बर्लिन, टोरोंटो असा फेरा सुरू झाला. १९९३ मध्ये रॉबर्ट लँगर आणि जोसेफ व्हॅकांटी यांचा ‘सायन्स’मधला लेख आला आणि ऊती अभियांत्रिकी हा शब्द विद्यार्थ्यांच्या तोंडी बसला. वस्तू शरीरात कायमची ठेवायचीच कशाला? पेशींना आधार देणारा सांगाडा घालावा, पेशी वाढाव्यात आणि सांगाडा विरघळून जावा. २००५ मध्ये या विषयाची स्वतंत्र जागतिक संस्था झाली, ‘टर्मिस’. तिचीही अधिवेशने, तिचीही विद्यार्थी पारितोषिके. बरीच माणसे दोन्हीकडची. मार्गदर्शकापुढे मात्र नवा पेच: एका विद्यार्थ्याच्या वाट्याला एकाच प्रवासाचे पैसे, मग पाठवायचे कुठे?

विरघळणाऱ्या सांगाड्यांच्या या कथेत एक मराठी आडनाव फार आधीपासून आहे. पॉलिलॅक्टिक ॲसिड शस्त्रक्रियेत वापरता येईल, शरीरात ते हळूहळू विरघळते, हे सांगणारा १९६६ चा निबंध या शाखेत आजही उद्धृत होतो. त्याचे पहिले लेखक आहेत आर. के. कुलकर्णी. आज हाडातले विरघळणारे स्क्रू आणि कितीतरी सांगाडे ज्या बहुवारिकांचे होतात, त्यांत पॉलिलॅक्टिक ॲसिडचे नाव मोठे आहे. मी वर्गात हा निबंध दाखवते तेव्हा मुले आधी आडनावाकडे बघतात, मग सालाकडे. दोन्ही बघावे असेच आहे.

भारतात या विषयाचे घर तिरुवनंतपुरम. डॉ. एम. एस. वल्यथन अमेरिकेत चार्ल्स हफनागेल यांच्याकडे शिकले. माणसाच्या शरीरात पहिली कृत्रिम झडप बसवली ती १९५२ मध्ये याच हफनागेल यांनी. भारतात परतल्यावर वल्यथन यांनी श्री चित्रा तिरुनाल संस्था उभी केली. हृदयाची झडप इथे बनली पाहिजे, कारण परदेशी झडपेची किंमत इथल्या रुग्णाला झेपत नाही, हा त्यांचा आग्रह होता. त्यांचे पहिले नमुने फसले. एका नमुन्यातली नीलमणी स्फटिकाची चकती चाचणीत फुटली. चौथ्या नमुन्यात अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची चकती, कोबाल्ट-क्रोम मिश्रधातूची चौकट आणि टाके घालण्यासाठी पॉलिएस्टरचे कडे आले, आणि ६ डिसेंबर १९९० रोजी ती झडप पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसली. त्याआधीच, १९८६ मध्ये, बायोमटेरियल्स आणि कृत्रिम अवयवांची भारतीय संस्था तिरुवनंतपुरमला सुरू झाली होती. वल्यथन २०२४ मध्ये गेले. त्याच वर्षी अमेरिकेतली संस्था पन्नास वर्षांची झाली.

इथून अधिवेशनाला जायचे म्हणजे विद्यार्थ्याला काय करावे लागते, हेही या इतिहासात यायला हवे. आपल्याकडे केंद्र सरकारच्या विज्ञान विभागांची प्रवास अनुदाने आहेत आणि त्यांनी गेल्या काही दशकांत फार मुलांना विमानात बसवले आहे. त्याबद्दल कृतज्ञताच आहे. पण अर्जासोबत गोषवारा स्वीकारल्याचे पत्र लागते, ते यायला वेळ लागतो, तोवर तिकीट महागते, व्हिसाची तारीख मिळत नाही. शिवाय बहुतेक वेळा आधी स्वतःचे पैसे घालायचे आणि परत आल्यावर बिले लावायची. ज्याच्या घरी तेवढे पैसे आहेत त्यालाच मदत वेळेवर मिळते, असा याचा अर्थ होतो. ही उणीव भरून निघावी असे मला मनापासून वाटते.

२०२० ची जागतिक परिषद ग्लासगोला व्हायची होती. साथीमुळे ती पडद्यावर झाली. तिकीट नाही, व्हिसा नाही, मुलांनी घरी बसून भाषणे ऐकली. कितीतरी जणांना पहिल्यांदाच मोठी नावे ऐकायला मिळाली, हे खरे. पण फलकांच्या दालनात चुकून कुणी थांबत नाही, कारण पडद्यावर चुकून कुठे जाताच येत नाही.

माझी एक विद्यार्थिनी २०१६ मध्ये माँट्रियलच्या जागतिक परिषदेला गेली होती. रत्नागिरी जिल्ह्यातली मुलगी. कोळंबीच्या टरफलांतून काढलेल्या कायटोसानचे सांगाडे करत होती. कायटोसान पातळ ॲसेटिक ॲसिडमध्ये विरघळवायचे, साच्यात ओतून गोठवायचे, मग निर्वातात सुकवायचे. बर्फाचे स्फटिक वाफ होऊन उडून जातात आणि त्यांच्या जागी छिद्रे राहतात. सावकाश गोठवले तर मोठी छिद्रे, झपाट्याने गोठवले तर बारीक. तयार चकती हातात घेतली तर ताज्या जाळीदार घावनासारखी हलकी. पेशी तिच्यावर छान वाढत होत्या आणि तिचा गोषवारा तोंडी सादरीकरणासाठी नव्हे, फलकासाठी स्वीकारला गेला होता.

अनुदानाच्या मंजुरीचे पत्र ती निघण्याच्या आठ दिवस आधी आले. तोवर तिकिटाचे पैसे विभागातल्या आम्ही चौघांनी घातले होते. कागदाचा फलक विमानात नेताना नळी सांभाळावी लागते, म्हणून तिने पुण्यात तो कापडावर छापून घेतला आणि घडी करून पाठीवरच्या पिशवीत टाकला. निघताना मी तिला दहा वेळा बजावले, “अगं, बोर्डिंग पास टाकू नकोस, नाहीतर बिल पास व्हायचे नाही.” ती म्हणाली, “मॅडम, दहावीच्या गुणपत्रिकेच्या फाईलमध्येच ठेवणार आहे.” आणि खरेच तसे ठेवले. परत आल्यावर पासांचे सहाही तुकडे सरळ, न दुमडलेले माझ्या टेबलावर.

माँट्रियलला दुपारच्या वेळी ती आपल्या फलकापाशी उभी होती. छिद्रांची छायाचित्रे, पेशींचे आलेख, सगळे तोंडपाठ. दोन-तीन विद्यार्थी येऊन गेले. मग गळ्यात ओळखपत्र उलटे लटकलेले एक वयस्क गृहस्थ थांबले. त्यांनी आलेख पाहिले नाहीत. नमुन्याची चकती तिने सोबत नेली होती, ती मागून घेतली, दोन बोटांत धरून कडेला किंचित ताणली आणि विचारले, यात टाका घातला तर फाटेल का? ते कुठल्याशा रुग्णालयातले शल्यचिकित्सक होते. तिने सांगितले की तपासलेले नाही. मग तपास, ते म्हणाले, कारण मी हे रुग्णाच्या अंगात ठेवीन ते टाक्यानेच. त्यांनी चकती परत तिच्या तळहातावर ठेवली आणि पुढच्या फलकाकडे गेले. त्यांचे नाव विचारायचे तिला सुचले नाही.

तीन वर्षांत हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाही पडला नव्हता. आमच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्राची माणसे होती, जीवशास्त्राची होती. सुई हातात धरणारे कुणी नव्हते. परत आल्यावर तिने शस्त्रक्रियेचा दोरा मागवला, चकतीच्या कडेपासून ठरावीक अंतरावर टाका घातला आणि ताणयंत्राला लावला. पहिल्या दिवशीच्या सगळ्या चकत्या ओल्या पापडासारख्या फाटल्या. मग पुढचे वर्षभर तिने कायटोसानमध्ये रेशमाचे तंतू घालून पाहिले. किती घातले तर टाका धरतो आणि किती घातले तर छिद्रे बुजतात, यांच्यामधली जागा शोधत राहिली. कापडाचा तो फलक अजून विभागाच्या भिंतीवर आहे, घड्यांच्या रेघा गेलेल्या नाहीत. त्यावर टाक्याबद्दल एक अक्षरही नाही. तिच्या प्रबंधाचे चौथे प्रकरण मात्र सगळेच्या सगळे त्या टाक्यावर आहे.